शहापुरात बदललं, टोकावड्याला पोचायचंय

माझ्या दुकानात काउंटरखाली एक खोकं आहे. त्यात गिऱ्हाइकांनी सोडून दिलेले चार्जर, तुटक्या वायरी, कुठल्या तरी मेलेल्या प्रिंटरचे अडॉप्टर पडलेत. एकही कशालाच बसत नाही, आणि टाकूनही देववत नाही. बायको दर दिवाळीला विचारते, "हे कधी काढणार?" मी म्हणतो, "बघू." किस्स्यांचं तसंच आहे. मुद्दाम कोणी साठवत नाही. रोज दुकान उघडायचं, फोन घ्यायचा, "हो साहेब, बघतो साहेब" म्हणायचं, आणि एक दिवस खोकं भरलेलं असतं.

माझं दुकान शहापूरच्या बाजारपेठेत. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या झटक्यात. आधी घड्याळं आणि रेडिओ विकायचो. कॉम्प्युटर आले तेव्हा खोक्यावरचं इंग्रजी वाचत वाचत शिकलो. आता लोक मोबाईलवर बोट फिरवून माल घरी मागवतात आणि बिघडला की माझ्याकडे आणतात. वर सांगतात, "शेठ, तुमच्याकडून घेतला असता तर बरं झालं असतं." बरं कोणाचं, ते सांगत नाहीत.

तर दुकान तगलं ते एका संस्थेच्या कॉम्प्युटरांच्या देखभालीवर. शेतकऱ्यांची संस्था. पावसाआधी खत-बियाणं विकते, दिवाळीनंतर भात विकत घेते. मुख्य ऑफिस शहापूरला. शाखा आटगाव, मुरबाड आणि टोकावड्याला. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. माणूस मनाचा साफ, पण धीर नाही. यंदाच्या वार्षिक सभेत हे काम माझ्याकडे राहणार की कल्याणच्या एका कंपनीकडे जाणार, याचा निकाल लागायचा होता. काम गेलं तर दुकानाला कुलूप, हे मला ठाऊक, बायकोला ठाऊक, समोरच्या भांडीवाल्यालाही ठाऊक. तो माझा गाळा मागून बसलेला. तेव्हा किस्से हसत सांगत असलो, तरी घडताना मी हसत नव्हतो, एवढं धरून चाला.

*

सगळ्या भानगडीचं मूळ एकच. संस्थेत कोण कोण कामाला आहे, कोणाचा पासवर्ड काय, कोणाला कुठलं खातं उघडायची मुभा, हे सगळं शहापूरच्या एका मशीनमध्ये असतं. टोकावड्याला कोणी सकाळी कॉम्प्युटर चालू करून नाव टाकलं, की तिथलं मशीन शहापूरला विचारतं, "हा आपला का?" शहापूर म्हणतं, "आपला." मग आत घेतं.

आता प्रत्येक वेळी विचारत बसलं तर काम संपलंच. आणि आपल्याकडची इंटरनेटची लाईन म्हणजे वारा सुटला तरी जाते. म्हणून शाखेचं मशीन एकदा मिळालेलं उत्तर काही काळ आठवणीत ठेवतं आणि त्यावरच चालतं. शहापुरात काही बदललं, तरी आठवणीची मुदत संपेपर्यंत शाखेला त्याचा पत्ता नसतो.

हे मी संचालकांच्या बैठकीत समजावून सांगितलं. चेहरे बघून कळलं की एकाच्याही डोक्यात शिरलेलं नाही. मग म्हटलं, "टोकावड्याच्या नाक्यावरचा बबन चहावाला घ्या. त्याला एस.टी.चा टाइम विचारला तर तो काय डेपोला फोन करतो? काल गाडी आली तो टाइम सांगतो. डेपोनं आज सकाळी टाइम बदलला असेल तर बबनला माहीत नाही. पण सांगतो मात्र ठासून."

सगळ्यांच्या माना हलल्या. अण्णा म्हणाले, "म्हणजे एवढा खर्च करून आपण चार मशीनी घेतल्या, आणि त्यांना अक्कल बबनएवढी."

कोपऱ्यातून एक संचालक म्हणाले, "बबन निदान चहा तरी देतो."

*

एकदा अण्णांना संशय आला की पुतण्याला आपला पासवर्ड कळलाय. सकाळी शहापूरच्या ऑफिसात दार लावून त्यांनी तो बदलला. मला बाहेर उभं केलं. मग गाडी काढून मुरबाडला गेले. तासाभरानं फोन.

"शेठ, माझा पासवर्ड चोरीला गेला."

"काय झालं अण्णा?"

"नवा टाकतोय, घेत नाय. कोणीतरी बदलला."

"जुना टाकून बघा."

थोडा वेळ फोनवर नुसती बटणं वाजली. मग हळू आवाजात, "जुना चालला. म्हणजे चोर नवा घेऊन गेला आणि जुना ठेवून गेला?"

मी समजावलं, की चोर कोणी नाही. शहापूरला बदललेलं मुरबाडच्या मशीनला अजून कळलेलं नाही, ते जुन्या आठवणीवर चालतंय.

"मी गाडीनं कवाच पोचलो. तो कुठं राहिला?"

"येईल मागून."

"मंग मला सांगायचं ना," अण्णा म्हणाले, "येताना गाडीत घेऊन आलो असतो."

*

आटगावचा किस्सा रोशनचा. पोरगा उंबरमाळीकडच्या एका पाड्यावरचा, पदवीधर. खूप वाट बघून त्याला संस्थेत कारकुनाची जागा मिळाली. पहिल्या दिवशी शाखेचं शटर उघडायच्या आधी हा पायरीवर. नवा शर्ट, कपाळाला अंगारा. आत जाऊन कॉम्प्युटरवर आपलं नाव टाकलं. मशीन म्हणालं, असा कोणी नाही.

बरोबरच होतं. त्याचं नाव शहापूरला चढवायचं होतं, त्याला अण्णांची सही हवी होती, आणि अण्णा एका साखरपुड्याला गेले होते. पण रोशनला कोण सांगणार? तो आपला पुन्हा पुन्हा नाव टाकत बसला.

दुपारी सही झाली, मी नाव चढवलं, फोन केला. "टाक आता." टाकलं. असा कोणी नाही.

गंमत अशी, की मशीन 'हो' जसं लक्षात ठेवतं तसं 'नाही'पण ठेवतं. एकदा शहापूरनं सांगितलं, रोशन म्हणून कोणी नाही, की मुदत संपेपर्यंत ते परत विचारायला जात नाही. हा जर घरून उशिरा आला असता, तर पहिल्याच झटक्यात आत गेला असता.

मी हे त्याला फोनवर सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं रडतो की काय.

मग म्हणाला, "शेठ, माझ्या सोयरिकीचं पण असंच झालंय. नोकरी नव्हती तवा विचारलं, त्यांनी नाय सांगितलं. आता नोकरी लागली, तरी नायच सांगतात."

"अरे, होईल."

"तसं नाय. त्यांची आठवण किती टायमाची असते, ते सांगा."

*

मुरबाडच्या मॅनेजरांचा किस्सा मी जिथं जाईन तिथं लोक सांगायला लावतात.

एका संचालकाच्या मुलीच्या हळदीला सत्काराचा नारळ मॅनेजरांना आधी मिळाला आणि अण्णांना नंतर. तिथून शब्दाला शब्द वाढला. अण्णांनी मांडवातूनच मला फोन केला, "याचं नाव आत्ताच्या आत्ता काढा. उद्या हा माणूस संस्थेत दिसता कामा नये." मी काढलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर नेहमीसारखे डबा घेऊन शाखेत. शिपाई म्हणाला, "साहेब, तुमाला काढलंय ना?" मॅनेजरांनी कॉम्प्युटर चालू केला, नाव टाकलं, मशीननं आत घेतलं. मॅनेजर शिपायाला म्हणाले, "बघ. हळदीत माणूस काहीपण बोलतो. कागदोपत्री मी हाय." आणि दिवसभर त्यांनी काम केलं. मी म्हणेन, जरा जास्तच केलं. कधी नव्हे ते गोदामात जाऊन पोतीसुद्धा मोजून आले.

इकडे शहापुरात अण्णांचा राग उतरला होता. रात्री झोप लागली नाही म्हणाले. "माणूस जुना हाय. त्याची पोरगी लग्नाची हाय. परत चढवा त्याचं नाव." मी चढवलं. अण्णांनी स्वतः फोन करून त्यांना उद्यापासून या म्हणून सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "आजपण आलोच होतो."

तिसऱ्या दिवशी मॅनेजर पेढे घेऊन शाखेत. नाव टाकलं. मशीन म्हणालं, तुम्हाला काढलंय.

आदल्या संध्याकाळी, मी नाव परत चढवायच्या जरा आधी, मशीनची आठवण संपली होती आणि त्यानं शहापूरला विचारून 'काढलंय' हे उत्तर घेतलं होतं. परत घेतल्याची बातमी आता पुढची मुदत संपल्यावर यायची होती. बिचारे दिवसभर खुर्चीत पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले. येणारा-जाणारा पेढा घ्यायचा आणि विचारायचा, "कशाबद्दल?"

संध्याकाळी मी गेलो तेव्हा मला म्हणाले, "शेठ, काढला त्या दिवशी मी एवढं काम केलं, आणि ठेवला त्या दिवशी नुसता बसून ऱ्हायलो. आता पगार कुठल्या दिवसाचा धरायचा, तेवढं अण्णांना विचारा."

मी नाही विचारलं. मला स्वतःचं काम टिकवायचं होतं.

*

त्यावरून अण्णांनी हुकूम काढला, "ही आठवण-बिठवण बंद. प्रत्येक येळी शहापूरला विचारलंच पायजे."

मी म्हटलं, "अण्णा, लाईन गेली तर सगळे बाहेर राहतील."

"लाईन जायला नको."

मी सगळीकडे आठवण शून्यावर आणली आणि घरी जाऊन बायकोला म्हटलं, फोन जवळ ठेव.

गेल्या वर्षी ऐन खताच्या हंगामात रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीनं केबल तोडली. टोकावड्याच्या शाखेसमोर टेम्पो उभे, बाया-माणसं पिशव्या घेऊन रांगेत, आणि कॉम्प्युटर कोणालाच आत घेईना. तिथं दर्शना म्हणून मुलगी काउंटरला आहे. टोकावड्याजवळच्याच एका वाडीतली. शाखा म्हणजे तीच; बाकी एक शिपाई आणि एक मांजर. तिचा फोन आला.

"दादा, मशीन मला ओळखत नाय."

"लाईन गेलीय गो. ते शहापूरला विचारतंय आणि तिकडून उत्तर येत नाही."

"मी रोज येते, रोज त्याची धूळ पुसते. तरी इचारायला लागतं?"

मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "काय बोलतो तो? वळख पायजे? मी वळखतो ना हिला. माझ्या मेव्हण्याची पोर. द्या त्या मशीनला फोन."

त्या दिवशी खत मिळालं नाही. लोक अण्णांच्या नावानं बोटं मोडत गेले. रात्री अण्णांनी मला बोलावलं. चेहरा उतरलेला. मी स्पष्ट सांगितलं, "अण्णा, आठवण छोटी ठेवली तर लाईन गेल्यावर धंदा बंद. मोठी ठेवली तर बदल उशिरा कळणार. तुम्हाला माल ताजापण पाहिजे आणि टिकाऊपण. शुक्रवारच्या बाजारात मासळीवालीला असं मागून बघा, ती काय देते तुम्हाला."

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. "टोकावड्याची लाईन सगळ्यात नाजूक. तिथं सुकटच ठेवा," म्हणाले. तेव्हापासून टोकावड्याच्या मशीनची आठवण सगळ्यात लांब. शहापुरात काही बदललं तर तिकडे पोचायला दिवस जातात. हे अण्णांच्या मंजुरीनं झालंय, लेखी आहे. पुढं कामाला येईल म्हणून सांगून ठेवतो. आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

*

त्याच दर्शनाचं यंदा मे महिन्यात लग्न झालं. मुरबाडकडचं घर, मुलगा नोकरीला. आम्ही सगळे गेलो होतो. आपल्याकडे नवरा ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, तसं त्यानं लिहिलं. सगळे वाकून बघत होते. 'श्रावणी.' नाव सासूबाईंनी काढलेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दर्शनानं ताटाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि मान खाली घातली. लग्नात सगळ्याच मुली मान खाली घालतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही.

अण्णांची आणि तिच्या सासऱ्यांची जुनी ओळख. त्यांनी मांडवातच जाहीर केलं, "संस्थेकडून हा आमचा आहेर. आजपासून आमच्या कॉम्प्युटरमध्ये पण श्रावणी." आणि गर्दीत मला शोधून खूण केली.

अण्णांची मांडवातली खूण म्हणजे काय असते, ते मुरबाडच्या मॅनेजरांना विचारा.

सोमवारी दर्शनाचा फोन. "दादा, नाव बदललं का?"

"आत्ता बसतोय बदलायला. का?"

"सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर वर आलं, 'दर्शना'. सगळ्या मुलखात आता तेवढ्याच एका ठिकाणी येतं." मग हळूच, "घाई नाय ना?"

"अण्णांनी सांगितलंय गो."

"तुमी सांगता ना, टोकावड्याला पोचायला वेळ लागतो म्हणून."

मी फोन ठेवला. त्या दिवशी दुकानात दुसरी कामं निघाली.

घरी जेवताना बायकोला हे सांगितलं. माझ्या बायकोचं माहेरचं नाव वेगळं होतं. आमच्या आईनं लग्नात बदललं. मी म्हटलं, "नावाचं एवढं काय असतं?" ती भाकरी वाढता वाढता म्हणाली, "लग्नानंतर वर्षभर मी हाकेला ओ देत नव्हते. तुमच्या आईनं सगळ्या आळीत सांगितलं, सून चांगली हाय, पण कानानं कमी."

एवढी वर्षं झाली, मला खरंच वाटत होतं की तिला तेव्हा कमी ऐकू यायचं.

अण्णा मधूनमधून विचारायचे, "ते श्रावणीचं झालं का?" मी म्हणायचो, "टोकावड्याची आठवण लांब आहे अण्णा. पोचायला वेळ लागतो." अण्णा मान हलवायचे. पुढच्या आठवड्यात परत विचारायचे. लावणी झाली, भात पोटरीला आलं, गणपती बसले, उठले. टोकावड्याला काही नाव पोचलं नाही. तिचे सासरे संस्थेत आले की टोमणा मारायचे, "अण्णा, तुमच्या आहेराचं पाकीट अजून पोस्टात हाय वाटतं."

*

वार्षिक सभेला मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. कल्याणच्या कंपनीचा इंजिनीअर पुढं, टापटीप कपड्यात, लॅपटॉप घेऊन. पोरगा वाईट नव्हता. आल्याआल्या मला वाकून नमस्कार केला. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. सभासदांनी चित्रं बघितली आणि वडे खाल्ले.

मग माझ्यावर चर्चा. जेसीबीचं कोणी काढलं नाही, पासवर्डचं काढलं नाही. मुरबाडच्या मॅनेजरांनी उठून माझी बाजूसुद्धा घेतली. म्हणाले, "माणूस चांगला हाय. मला काढलं ते पण यानं वेळेवर पोचू दिलं नाय." सगळे हसले. मला वाटलं, वाचलो.

तेवढ्यात दर्शनाचे सासरे उठले. सभासदच ते. "एवढंच इचारतो. एका मुलीचं नाव बदलायला या शेठना उन्हाळ्यापासून आतापर्यंत टाइम लागतो? काय ते एकदा स्पष्ट सांगा. मशीन खराब हाय, का माणूस?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना काय म्हणायचंय ते मला दिसत होतं: शेठ, काहीतरी सांगा, मी सांभाळून घेतो. पोरीनंच घाई करू नका म्हटलं, एवढं सांगायला सोपं होतं. मी उभा राहिलो.

"मशीन," म्हटलं, "मशीनलाच वेळ लागतो."

इंजिनीअर उठला. नम्रपणे म्हणाला, "सर, एवढा वेळ कुठलंच मशीन घेत नाही."

खरंच बोलत होता. काम कल्याणला गेलं.

*

त्यानंतरच्या सोमवारी शहापूरच्या ऑफिसात मी त्याला सगळं सोपवलं. अण्णा समोर बसले होते, पण बघत खिडकीबाहेर होते. इंजिनीअरनं राहिलेल्या कामांपासून सुरुवात केली. पहिलं, दर्शनाचं नाव. एक बटण. श्रावणी. दुसरं, माझं. "सर, तुमचं नाव काढावं लागेल. नियम आहे." म्हटलं, काढ बाबा. एक बटण. इतकी वर्षं मी त्या मशीनमध्ये होतो, माझ्याच डोळ्यांसमोर नाहीसा झालो.

अण्णा मला सोडायला जिन्यापर्यंत आले. "शेठ, भांडीवाल्याला गाळा देऊ नका एवढ्यात," म्हणाले. मी जिना उतरायला लागलो. कंटाळा आला होता.

माझी शिडी आणि हत्यारांची पिशवी टोकावड्याला राहिली होती, ती आणायला सरळगाववरून तिकडेच गेलो. पाऊस लागलेला. पोचलो तर शाखेच्या अलीकडे रस्त्यावर झाडाची मोठी फांदी पडलेली, आणि केबल खाली लोंबतेय. शिपाई म्हणाला, सकाळी शाखा उघडायच्या आधीच पडली.

दर्शना काउंटरला. समोर दोनचार माणसं, तिचं काम चालू. मला बघून उठली.

"दादा, कळलं मला. सासरे घरी बोलत होते." मग तिनं काउंटरवरच्या पावत्या उगाच सारख्या केल्या. "माझ्यामुळं झालं."

"मशीनमुळं झालं," म्हटलं. "शिडी कुठाय?"

"भिंतीला हाय. बसा तरी."

बसलो. समोर दुसरा कॉम्प्युटर होता, मी आलो की त्यावर बसायचो. सवयीनं हात गेला. म्हटलं, तिला दाखवावं, संपलं म्हणजे कसं संपतं ते. माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

मशीननं आत घेतलं. वर माझं नाव आलं.

दर्शना माझ्या खुर्चीमागे येऊन बघत होती. तिनं आपल्या कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडे वळवलं. वर लिहिलेलं होतं, 'दर्शना'.

"शहापूरला तर सकाळीच..." मी म्हणालो.

"लाईन नाय ना दादा. लाईन येईपर्यंत हाव आपण दोघंबी."

तेवढ्यात दारात केबलवाला उभा राहिला. नखशिखांत भिजलेला, खांद्यावर वायरीचं वेटोळं. कल्याणवरून फोन होता म्हणाला, लगेच जोडून द्या म्हणून. त्याची नजर भिंतीकडे गेली.

"ताई, तेवढी शिडी द्या. पाच मिनटात लाईन देतो."

दर्शनानं शिडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"शिडी दादांची हाय," ती म्हणाली. "दादांना इचारा."

केबलवाला माझ्याकडे वळला. मी खुर्चीतूनच दाराकडे वळलो आणि नाक्याकडे तोंड करून हाक मारली.

"बबन, तीन कटिंग. सावकाश आण."